इवली पाल आणि चुकचुकणारं चाक

एक होती आळी.
आळीत होतं एक घर.
घराला होती एक ओसरी.
ओसरीला होती एक भिंत.
भिंतीवर होतं एक कॅलेंडर.
आणि कॅलेंडरच्या मागे राहायची एक पाल.

तिचं नाव इवली.

इवली केवढी? आईच्या करंगळीएवढी. तीसुद्धा शेपूट धरून.

कॅलेंडर जुनं होतं. दोन वर्षांपूर्वीचं. पण त्यावर मोर होता. छान निळा मोर. म्हणून आक्का ते काढत नव्हती.

मोराच्या मागे इवलीचं घर. वारा आला की कॅलेंडर हलायचं. फडफड फडफड. इवलीला वाटायचं, आपण पाळण्यातच झोपलोय.

त्या घरात आणखी दोघी राहायच्या. एक आक्का. आणि एक आक्काची सून, सुगंधाताई. ताई अंगणवाडीत शिकवायची. रोज सकाळी सायकल काढायची आणि निघायची. तिकडे वीस पोरं तिची वाट बघत बसायची.

एका सकाळी काय झालं?

ताईनं सायकल ओसरीवरून ढकलली.

चुक.

आक्का म्हणाली, "थांब गं. पाल चुकचुकली."

पाल चुकचुकली की लगेच निघायचं नाही. असं आक्काच्या आईनं आक्काला सांगितलं होतं. आक्कानं बोटानं जमिनीवर टक टक केलं. कृष्ण कृष्ण म्हटलं. "बस जरा. पाणी पी. मग जा."

ताई बसली. पाणी प्याली. उठली. सायकल ढकलली.

चुक.

"थांब गं. पाल चुकचुकली." टक टक. कृष्ण कृष्ण. "पाणी पी. मग जा."

ताई बसली. पाणी प्याली. उठली. सायकल ढकलली.

चुक.

"आता मात्र हद्द झाली," आक्का म्हणाली.

तिनं स्टूल आणलं. वर चढली. कॅलेंडर काढलं. मोराची गुंडाळी केली आणि ठेवली कपाटावर.

भिंत उघडी. भिंतीवर इवली. इवलीला लपायला काही नाही.

"आक्का, मी नाही चुकचुकले," इवली म्हणाली.

"तू नाही, तर कोण? भिंत चुकचुकते?"

"मला नाही माहीत."

"मग शोध. चुकचुक थांबली, तर कॅलेंडर लावीन. नाही थांबली, तर तो बघ झाडू."

इवलीनं झाडू बघितला. मोठा होता.

इवलीला रडू आलं. पण त्याच्या आधी राग आला. आपण केलंच नाही, तर बोल का ऐकायचा?

"शोधते," ती म्हणाली.

सुळुक सुळुक, थांब. सुळुक सुळुक, थांब. इवली भिंतीवरून उतरली. सायकलवर चढली. सायकल स्टँडवर उभी होती.

"घंटी, घंटी, तू चुकचुकतेस?"

घंटी म्हणाली, "मी? ट्रिंग ट्रिंग. चुकचुकायला मी पाल आहे का?"

घंटी नाही.

"साखळी, साखळी, तू चुकचुकतेस?"

साखळी म्हणाली, "खळखळ खळखळ. मला नाही बाई तसलं येत."

साखळी नाही.

"मडगार्डा, मडगार्डा, तू चुकचुकतंस?"

मडगार्ड म्हणालं, "खडखड खडखड. जा तिकडे, मला झोपू दे."

मडगार्ड नाही.

तेवढ्यात ताईनं बसल्या बसल्या पायडलला पाय लावला. मागचं चाक फिरलं.

गर गर गर, चुक.
गर गर गर, चुक.

एक फेरा, एक चुक. एक फेरा, एक चुक.

इवलीनं मान वाकडी केली. कान दिला. मग हळूच हसली.

सुळुक सुळुक, थांब. सुळुक सुळुक, थांब. इवली चाकाकडे गेली.

चाक म्हणालं, "काय गं इवले, तोंड एवढंसं का?"

इवली म्हणाली,
"चाक चुकचुके,
बोल मला लागे,
माझं कॅलेंडर भिंतीवर नाही.
चाका, चाका, गप्प बस ना."

चाक म्हणालं, "मी तर नुसतं फिरतं बाई. माझ्या पोटात चाळीस तारा. त्यातली एक चुकचुकते. कोणती, ते तू शोध. तोवर मी काही गप्प बसत नाही."

चाळीस तारा. सगळ्या सारख्या. सगळ्या बारीक. सगळ्या चकचकीत.

इवलीनं काय केलं? शेपटीनं एकेक तार वाजवली.

टण.
टण.
टण.
टण.

ही चांगली. ही पण चांगली. हीसुद्धा. टण, टण, टण. इवली चालली, चालली. जवळजवळ अख्खं चाक चालली.

ठप.

इवली थांबली. मागे आली. पुन्हा वाजवली.

ठप.

"सापडलीस," इवली म्हणाली.

तार म्हणाली, "काय गं इवले, तोंड एवढंसं का?"

इवली म्हणाली,
"चाक चुकचुके,
बोल मला लागे,
माझं कॅलेंडर भिंतीवर नाही.
तारे, तारे, गप्प बस ना."

तार म्हणाली, "मी सैल झालेय गं. सैल झाले की शेजारणीला घासते. घासले की चुक. मला आवळायची एक चावी असते. ती आण. तोवर मी काही गप्प बसत नाही."

चावी कुठे होती? खिडकीत पत्र्याचा डबा होता. डब्यात खिळे होते. खिळ्यांच्या खाली चावी होती. छोटी, चपटी, झोपाळू.

सुळुक सुळुक, थांब. सुळुक सुळुक, थांब. इवली चावीकडे गेली.

चावी म्हणाली, "काय गं इवले, तोंड एवढंसं का?"

इवली म्हणाली,
"तार गप्प बसेना,
चाक चुकचुके,
बोल मला लागे,
माझं कॅलेंडर भिंतीवर नाही.
चावीबाई, चावीबाई, फिर ना."

चावी म्हणाली, "कशी फिरू? माझं तोंड गंजलंय. कर्र कर्र करतं. तेलाचा थेंब आण. तोवर मी काही फिरत नाही."

सुळुक सुळुक, थांब. सुळुक सुळुक, थांब. इवली फळीवर चढली. फळीवर तेलाची कुपी बसली होती. पोट मोठं, मान बारीक.

कुपी म्हणाली, "काय गं इवले, तोंड एवढंसं का?"

इवली म्हणाली,
"चावी फिरेना,
तार गप्प बसेना,
चाक चुकचुके,
बोल मला लागे,
माझं कॅलेंडर भिंतीवर नाही.
कुपीबाई, कुपीबाई, तेल दे ना."

कुपी म्हणाली, "देते की. पण नेशील कशावर? हातावर? सांडशील सगळं. कोंबडीचं पीस आण. पिसावर थेंब छान बसतो. तोवर मी काही तेल देत नाही."

कोंबडी.

कोंबड्या पाली खातात. इवलीच्या आईनं तिला तीन वेळा सांगितलं होतं.

पण कॅलेंडर कपाटावर होतं. झाडू दाराशी होता.

सुळुक सुळुक, थांब. सुळुक... थांब. थांब. थांब. इवली अंगणातल्या खांबावर गेली. उंच. चोच पोचणार नाही इतकी उंच.

खाली कोंबडी होती. लाल, गोल, फुगलेली.

कोंबडी म्हणाली, "काय गं इवले, तोंड एवढंसं का? खाली ये. नीट दिसत नाहीस."

"मी इथूनच बोलते," इवली म्हणाली.

"कुपी तेल देईना,
चावी फिरेना,
तार गप्प बसेना,
चाक चुकचुके,
बोल मला लागे,
माझं कॅलेंडर भिंतीवर नाही.
कोंबडीबाई, कोंबडीबाई, पीस दे ना."

कोंबडी म्हणाली, "कॉक कॉक. सकाळपासून मी उपाशी. एक तर तुला खाते. नाही तर दाणे आण. ज्वारीचे, टपोरे. तोवर मी काही पीस देत नाही."

"दाणेच आणते," इवली म्हणाली. लगेच म्हणाली.

सुळुक सुळुक, थांब. सुळुक सुळुक, थांब. इवली स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथे सूप होतं. सुपात ज्वारी होती. पांढरी, टपोरी, मोत्यांसारखी.

सूप म्हणालं, "काय गं इवले, तोंड एवढंसं का?"

इवली म्हणाली,
"कोंबडी पीस देईना,
कुपी तेल देईना,
चावी फिरेना,
तार गप्प बसेना,
चाक चुकचुके,
बोल मला लागे,
माझं कॅलेंडर भिंतीवर नाही.
सुपा, सुपा, दाणे दे ना."

सूप म्हणालं, "माझं मी कसं देऊ? आक्कानं हात लावला की मी फट फट नाचतं. मग दाणे उडतात. आक्काला आण. तोवर मी काही दाणे देत नाही."

आता राहिली आक्का.

सुळुक सुळुक, थांब. सुळुक सुळुक, थांब. इवली ओसरीवर आली. आक्का पाटावर बसली होती. शेजारी झाडू. समोर ताई. ताईच्या हातात पाण्याचं भांडं. कितवं? पाचवं. ताईचं पोट डुचमळत होतं.

"आक्का, पोरं खोळंबली असतील हो," ताई म्हणत होती.

"खोळंबू दे. पालीचं काय होतंय ते बघू," आक्का म्हणाली. मग तिनं खाली बघितलं. "काय गं इवले, तोंड एवढंसं का?"

इवली म्हणाली,
"सूप दाणे देईना,
कोंबडी पीस देईना,
कुपी तेल देईना,
चावी फिरेना,
तार गप्प बसेना,
चाक चुकचुके,
बोल मला लागे,
माझं कॅलेंडर भिंतीवर नाही.
आक्का, आक्का, सुपाला हात लाव ना."

आक्का म्हणाली, "चाक चुकचुकतं? बरी थाप मारतेस. चाकाला कधी चुकचुकता येतं का? आधी ही चुकचुक थांबव. तोवर मी काही सुपाला हात लावत नाही."

आता?

चुकचुक थांबायला तार हवी गप्प.
तार गप्प व्हायला चावी हवी.
चावीला तेल हवं. तेलाला पीस हवं. पिसाला दाणे हवे. दाण्यांना आक्का हवी.
आणि आक्काला हवी चुकचुक थांबलेली.

सगळं गोल. चाकासारखं गोल.

पुढे कुणी उरलं नाही. मागे जाऊन उपयोग नाही. मग राहिलं कोण?

राहिली इवली.

इवलीनं आपल्या पायांकडे बघितलं. पाय चार. बोटं वीस. बोटं कशी? चिकट चिकट. भिंतीला धरणारी.

सुळुक सुळुक सुळुक सुळुक. या वेळी इवली थांबलीच नाही. सरळ चाकात शिरली. सैल तार धरली दोन पायांनी. शेजारची तार धरली दोन पायांनी. शेपटीचा घट्ट वेढा घातला.

"ताई, पायडल मारा," इवली म्हणाली.

"अगं, चक्कर येईल तुला," ताई म्हणाली.

"येऊ दे."

ताईनं पायडल मारलं.

गर गर गर.
गर गर गर.
गर गर गर.

इवली वर गेली. इवली खाली आली. इवलीला दोन आक्का दिसल्या. मग चार आक्का दिसल्या. पण इवलीनं सोडलं नाही.

चुकचुक? नाही. एकदाही नाही.

आक्का पाटावरून उठली. चाकाजवळ आली. कमरेवर हात ठेवून वाकली.

"सोड बघू जरा," ती म्हणाली.

इवलीनं पाय सैल केले.

गर गर गर, चुक.

"धर."

इवलीनं पाय आवळले.

गर गर गर.

"सोड."

गर गर गर, चुक.

"धर."

गर गर गर.

आक्का सरळ उभी राहिली.

"म्हणजे चाकच चुकचुकतं," ती म्हणाली. "आणि मी उगाच एवढं कृष्ण कृष्ण म्हटलं."

"देवाचं नाव वाया जात नाही, आक्का," ताई म्हणाली. "पाणी मात्र वाया गेलं. माझ्या पोटात आता जागाच नाही."

आक्का हसली. पदर खोचला. आणि निघाली.

आक्कानं सुपाला हात लावला.
सूप नाचलं. फट फट फट.
दाणे उडाले अंगणात.
कोंबडीनं दाणे टिपले. टक टक टक.
कोंबडीचं पोट भरलं. तिनं अंग झाडलं. पीस पडलं.

इवलीनं पीस तोंडात धरलं. पीस मोठं, इवली छोटी. वाटावं, पिसालाच पाय फुटलेत. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पीस निघालं फळीकडे.

पीस गेलं कुपीकडे. कुपीनं थेंब दिला. टप.
थेंब गेला चावीकडे. चावीनं तोंड उघडलं. कर्र, कर्र, सर्र.
चावी गेली ताईच्या हातात.

"कोणती तार गं, इवले?" ताईनं विचारलं. "मला तर सगळ्या सारख्याच दिसतात."

इवली चाकावर चढली. हवा भरायच्या नळीपाशी गेली. तिथून मोजलं. एक. दोन. तीन. तिसऱ्या तारेवर बसली.

"ही," इवली म्हणाली.

ताईनं चावी लावली. अर्धा आटा फिरवला. आणखी थोडा.

"पुरे," इवली म्हणाली. तिनं शेपटीनं तार वाजवली.

टण.

पिसावर थोडं तेल उरलं होतं. जिथे दोन तारा एकमेकींना घासतात, तिथे इवलीनं ते पुसलं.

"आता फिरवा."

गर गर गर.
गर गर गर.
गर गर गर.

तार गप्प बसली.
चाक गप्प फिरलं.
बोल कुणालाच लागला नाही.

ताईनं सायकल ओसरीवरून ढकलली. आवाज नाही. अंगणातून ढकलली. आवाज नाही. ताई सायकलवर बसली.

"जा गं, जा लवकर," आक्का म्हणाली. "पोरं वाट बघतायत."

"मगापासून मी काय सांगतेय, आक्का?" ताई म्हणाली आणि गेलीसुद्धा. ट्रिंग ट्रिंग.

आक्कानं स्टूल आणलं. वर चढली. कपाटावरची गुंडाळी काढली. मोर सरळ केला. हातानं त्याची धूळ पुसली. आणि कॅलेंडर लावलं भिंतीवर. जिथे होतं, तिथेच.

"ये," आक्का म्हणाली. "तुझं घर आहे."

इवली मोराच्या मागे गेली. फडफड फडफड. पाळणा हलला.

आक्का काही घरात गेली नाही. फाटकाशी जाऊन उभी राहिली. येईल त्याला थांबवून सांगायला लागली. भाजीवालीला सांगितलं. समोरच्या काकूंना सांगितलं. काकूंना तर दोनदा सांगितलं.

"चाळीस तारा होत्या, चाळीस. त्यातली नेमकी एक काढली तिनं. नुसत्या कानानं. आमची इवली आहे ती."

मोराच्या मागे इवली सगळं ऐकत होती. तिची मान थोडी वर गेली. मग आणखी थोडी वर गेली.

दुपारी दूधवाले केरबाकाका आले. सायकल हातात धरून आले. त्यांच्या चाकातून आवाज येत होता. कट. कट. कट.

"आक्का," काका म्हणाले, "तुमची पाल जरा द्या की. घरी नेतो, संध्याकाळी आणून सोडतो."

"पाल मिळायची नाही," आक्का म्हणाली. "चाक इथे आणा. आणि रांगेत या. समोरच्या काकूंची सायकल आधी आहे."

मग काकूंची सायकल आली. काकांची सायकल आली. शाळेतल्या पोरींच्या दोन आल्या. ओसरीवर सायकलीच सायकली. कट कट, किर्र किर्र, खट खट, कुई कुई. सगळे बोलत होते. माझं चाक असं करतं. माझं चाक तसं करतं.

आक्कानं हात वर केला. "गप्प बसा सगळे. तिला ऐकू द्या."

सगळे गप्प झाले.

मोराच्या मागून इवली बाहेर आली. आईच्या करंगळीएवढी इवली. सुळुक सुळुक, थांब. सुळुक सुळुक, थांब. काकूंच्या चाकावर जाऊन बसली.

तिनं मान वाकडी केली.

"हं," इवली म्हणाली. "फिरवा."

चाक फिरलं. आणि अख्खी आळी श्वास धरून बसली.